सहा जागांची बांधाबांध

शुक्रवारी दुपारी डबा खाता खाता आदिनाथनं मोबाईलवरचा खेळ उघडला आणि त्यातला त्याचा लढवय्या, म्हस्कू, त्याला लुटल्यासारखा उभा दिसला. अंगावरचं चिलखत जागेवर होतं, ढाल होती, गदा होती. पण पडद्याच्या तळाशी जिथं त्याची सहा स्किल, म्हणजे लढायची कसबं, ओळीनं चमकत असायची, तिथं सहा रिकाम्या चौकटी होत्या. खेळ चालवणाऱ्यांनी रातोरात खेळ बदलला होता. सगळ्यांची स्किल काढून घेतली होती आणि वर सूचना ठेवली होती, की पुन्हा लढाईला उतरण्याआधी नव्यानं सहा निवडा, आणि नीट निवडा, कारण एकदा कुलूप लागलं की तीन महिने उघडणार नाही. हातातला घास हातातच राहिला. वास्तविक तेहतीस वर्षांच्या, बियाणे कंपनीत पगारी नोकरी करणाऱ्या माणसानं असल्या गोष्टीनं दचकू नये. पण आदिनाथ दचकला, आणि तो खेळापायी दचकला असं म्हणणंही खरं नव्हे. त्या रिकाम्या चौकटी बघता बघता त्याच्या डोक्यात पहिल्यांदा आल्या त्या मंठ्याच्या प्रियदर्शनीताई. आता आपली खेळातली टोळी त्यांना काढून टाकेल, असं त्याला वाटलं, आणि भाकरी एकदम कोरडी लागायला लागली.

म्हस्कू हे त्याच्या वडिलांचं नाव. वडील गावाकडं अजून चाळीस मेंढरं राखतात आणि आपण जालन्यात मोबाईलमध्ये सात फूट उंच आहोत, हे त्यांना माहीत नाही. खेळात नाव टाकायची वेळ आली तेव्हा बाकीच्यांनी आग, वादळ, मृत्यू असली जबरदस्त नावं घेतली. आदिनाथला मार खाणाऱ्या माणसासाठी दुसरं कुठलं नाव सुचलंच नाही. खेळात अशा माणसाला टँक म्हणतात आणि त्याचं काम तेवढंच असतं. टोळीत सगळ्यात पुढं उभं राहायचं, शत्रूला आपल्याकडं ओढायचं आणि मागचे लोक त्याला मारून संपवेपर्यंत सगळे घाव आपल्या अंगावर घ्यायचे. मागं अंबडचा अंगद, तो टोळीचा म्होरक्या, दोन कुऱ्हाडी फिरवतो. त्याच्या बाजूला परतूरचा मिथुन, तिरंदाज. आणि सगळ्यांच्या मागं हीलर, म्हणजे घावांवर मंत्र टाकून ते भरणारी, प्रियदर्शनीताई. चौघं एकमेकांना कधी भेटलेले नाहीत. कानातल्या आवाजावरूनच काय ती ओळख. त्यांना एक रेडा पाडायचा होता. खेळात त्याचं लांबलचक इंग्रजी नाव होतं, पण शिंगं बघून मिथुन त्याला रेडा म्हणाला आणि तेच नाव पडलं. तीन रविवार झाले, रेडा काही पडत नव्हता, आणि तीनही रविवारी एकाच गोष्टीमुळं: ताईंचा मंत्र अर्धा क्षण उशिरा यायचा. घाव आधी, मंत्र नंतर, आणि दोन्हींच्या मधल्या फटीत म्हस्कू मरून पडायचा.

अंगदचा फोन आलाच, हात धुवायच्या आत. "आदिनाथ, हे तर लई बेस झालं. आता तू स्वतःचं रक्त स्वतः भरायचं स्किल घे. शत्रूला हाणलं की तुझं भरतं. मंग हीलरची गरजच न्हाई बिलकुल. तिच्या जागी माझ्या मेव्हण्याला घेऊ, त्यो लई जोरात मारतो."

"अन् ताई?"

"ताईंना म्या सांगतो ना. गोड बोलून सांगतो. अरे, त्यांच्याकून होऊन न्हाई राह्यलं आता, तुलाबी दिसून राह्यलंच की."

दिसत होतंच. अंगद काही खोटं बोलत नव्हता आणि वाईट माणूसही नव्हता; रेडा पाडायचा म्हटल्यावर कुणीही शहाणा माणूस हेच म्हणेल. आदिनाथ "बघतो" म्हणाला आणि परत कामाच्या खोलीत आला. त्याचं काम बियांची उगवण मोजायचं. ओल्या कागदात शंभर बिया ओळीनं मांडायच्या, गुंडाळी करायची, कपाटात उभी ठेवायची, अशा चार गुंडाळ्या, आणि ठरल्या दिवशी उघडून कोंब मोजायचे. त्या दिवशी मक्याच्या गुंडाळ्या होत्या. पांढरे कोंब मोजता मोजता त्याचा आकडा दोनदा चुकला. चुकला की तो पहिल्यापासून मोजायचा, आणि मोजता मोजता पुन्हा ताईंच्या आवाजापाशी जाऊन उभा राहायचा, तीन वर्षांपूर्वीच्या त्या आवाजापाशी, जो त्यानं पहिल्यांदा आडवा पडून ऐकला होता.

त्या साली त्याला मणक्याचा टीबी झाला होता. जालन्यात मस्तगडातल्या भाड्याच्या खोलीत तो पट्टा बांधून पडून असायचा आणि छताकडं बघत असायचा. छताला एकंदर सतरा वासे होते आणि त्यातला नववा किडलेला होता, हे त्याला अजून पाठ आहे. आई, तुळजाबाई, गावाकडची मेंढरं बापाच्या अंगावर टाकून उशाशी येऊन बसली होती. गोळ्या मूठभर असायच्या. त्या खाल्ल्या की पोटात ढवळायचं, तोंडाला लोखंडाची चव यायची, आणि चौथ्या महिन्यात त्याचा धीर सुटला. तो गोळ्या गादीखाली सरकवायला लागला. आई गोळ्या हातावर द्यायची, पाण्याचा तांब्या द्यायची आणि लेकराला गोळ्या गिळताना बघवत नाही म्हणून तोंड फिरवायची. तेवढं पुरायचं त्याला. खेळ त्याच काळात लागला, कारण पडल्या पडल्या दुसरं काही करता येत नव्हतं. स्वतःची पाठ गादीला खिळलेली आणि मोबाईलमध्ये मात्र तो सगळ्यांच्या पुढं पाय रोवून उभा, याची त्याला तेव्हा फार गंमत वाटायची आणि फार शरमही वाटायची. एकदा दुपारी लढाई सुरू व्हायची वाट बघता बघता तो सहज बोलून गेला, की गोळ्या बंद केल्यात, सोसत नाहीत. लढाई सुरू झाली. म्हस्कूवर पहिला घाव पडला, दुसरा पडला, मंत्र आलाच नाही. म्हस्कू मेला. पुन्हा उठला, पुन्हा मेला. अंगद ओरडायला लागला, ताई, नेट गेलं का, ताई! तेव्हा तो आवाज आला, बारीक, तोंडात टाचण्या धरून बोलल्यासारखा: "नेट बराबर हाये. भाऊनं गोळी घेतल्याबिगर मी एकबी मंत्र टाकणार न्हाई."

त्या दुपारी म्हस्कू अकरा वेळा मेला. अंगदनं विनवण्या केल्या, मिथुननं शिव्या घातल्या, आदिनाथनं रागारागानं मोबाईल आपटला आणि परत उचलला. शेवटी त्यानं आईला हाक मारून पाणी मागितलं. "आधी कायतरी खा," कानात ताई म्हणाल्या, "उपाशीपोटी घेऊ नका, म्हणून ढवळतं." त्यानं अर्धी भाकरी खाल्ली. "आता घ्या. मला पाण्याचा आवाज आला पायजे." आदिनाथला आज आठवलं की हसू येतं आणि डोळेही भरतात: तीन गावांची तीन माणसं कान देऊन बसलेली, आणि तो मोबाईल तोंडाजवळ धरून घटाघटा पाणी पितोय. मग मंत्र आला. हिरवा उजेड म्हस्कूच्या अंगावर पसरला. पुढं सव्वा वर्ष रोज दुपारी दोनला हेच चाललं. लढाई असो नसो, ताई दोन मिनिटं यायच्या, पाण्याचा आवाज ऐकायच्या, जायच्या. मंठ्याला स्टँडजवळ त्यांचं ब्लाऊज शिवायचं दुकान. मशीनच्या चाकाला मोबाईल टेकवून खेळायच्या. पोरीनं पुण्याला शिकायला जाताना मायलेकींनी मिळून खेळायचं म्हणून आईच्या मोबाईलमध्ये हा खेळ घालून दिला होता. पोरगी महिन्याभरात कंटाळली, आई मात्र गुंतली. आदिनाथ बरा झाला, उभा राहिला, नोकरीवर परत गेला. या सगळ्याबद्दल त्यानं ताईंना एक अक्षर कधी म्हटलं नाही. काय म्हणायचं, हे त्याला सुचलंच नाही. एवढ्या मोठ्या गोष्टीला आभार हा शब्द म्हणजे लग्नात पाच सुपाऱ्यांचा आहेर, असं काहीतरी वाटून तो दर वेळी गप्प बसला होता, आणि गप्प बसण्याची तीन वर्षं झाली होती.

शनिवारी सकाळी ताईंचाच फोन आला. खेळाबाहेर त्यांनी कधी फोन केला नव्हता. "भाऊ, येळ हाये का? एक सांगायचं व्हतं. हा अंगठा माझा अडकून राह्यला. कात्री धरू धरू असं झालं म्हणते डॉक्टरीण. वाकवला की सरळ व्हईना, दुसऱ्या हातानं सोडवावा लागतो. आराम द्या म्हणली. आता कात्री तर सोडता येत न्हाई, पोट हाये त्याच्यावर."

"मंग ताई?"

"मंग काय. उद्याचं खेळते. अन् उद्याबी माझ्याकून उशीर झाला, तर मी आपली जाते. कोणी जा म्हणायच्या आत गेलेलं बरं, न्हाई का?" त्या हसल्या. हसल्या ते त्याला सोसलं नाही. तो म्हणणार होता, ताई, त्या साली. जिभेच्या टोकावर आलं होतं. तेवढ्यात दुकानात गिऱ्हाईक आलं, ताई "या, बसा" म्हणाल्या आणि फोन ठेवला गेला.

दिवसभर तो खोलीच्या बाहेर पडला नाही. खेळात एक सरावाचा आखाडा असतो. तिथं लाकडी पुतळा उभा करून त्याच्याकडून आपल्याला हवा तेवढा मार खाता येतो, आणि कुलूप न लावता हवी ती स्किल लावून बघता येतात. तो कंपनीत शिकलेलं तेच करायला बसला: एक जोडणी, शंभर घाव, असं चार वेळा, आणि मेल्याची नोंद जुन्या तपासणीच्या कागदामागं. ताईंच्या मंत्राऐवजी तो खेळातली औषधाची बाटली वापरायचा आणि मुद्दाम अर्धा क्षण थांबून वापरायचा. आधी अंगदची जोडणी लावली. चारशे घावांत म्हस्कू एकदाही मेला नाही. हाणायचा, भरायचा, हाणायचा, भरायचा. त्याला कुणाचीच गरज नव्हती. आदिनाथ त्या आकड्याकडं बराच वेळ बघत बसला. जोडणी चांगली होती, यात वादच नव्हता. त्याला तिचा राग आला. मग जुनी जोडणी: एकतीस वेळा मेला. मग जाड ढाल, मग जास्त रक्त, मग दोन्ही; बावीस, एकोणीस, सतरा. टँक मजबूत करावा तेवढे घाव थोडे उशिरा मारत होते, पण मारत होते. त्या अर्ध्या क्षणाची फट काही बुजत नव्हती. तीन वाजता त्यानं कागद बाजूला सारला आणि डोळे मिटून पडून राहिला.

डोळे मिटल्यावर त्याला तट्टू दिसलं. तो सहा-सात वर्षांचा असेल, तेव्हा दिवाळी झाली की सगळं बिऱ्हाड मेंढरांमागं निघायचं. बाप मेंढरं घेऊन रानातून जायचा आणि आई तट्टावर संसार लादून वाटेनं पुढच्या मुक्कामाला जायची. तट्टाची पाठ ती केवढी! पण सगळं काही त्या पाठीवरच बसलं पाहिजे: पीठ, भांडी, रात्री मेंढरं कोंडायची वाघराची जाळी, घोंगड्या, आणि सगळ्यांच्या वर पाय बांधलेल्या दोन कोंबड्या आणि ताजं जन्मलेलं कोकरू. आई एकेक वस्तू हातात धरायची आणि एकच गोष्ट विचारायची. ही कामाची आहे का, असं नाही. कामाच्या तर सगळ्याच असतात. ती विचारायची, "हे कोणासाठी?" एकदा बापाचा पितळी हंडा तिनं असाच खाली ठेवला होता. मोठा, लखलखीत, मुक्कामावर चारचौघांत उठून दिसणारा. "हे तुमच्या मिशीसाठी," असं म्हणून तो तिनं भावकीत ठेवून दिला, आणि त्या जागी आजीच्या कापऱ्या हातांना उचलता येईल असं हलकं, पोचे पडलेलं भगुनं बांधलं. बाप दोन मुक्काम फुगून बसला होता. आजीनं मात्र त्या वर्षी शेवटपर्यंत स्वतःच्या हातानं चहा ठेवला.

आदिनाथ उठून बसला. त्यानं स्किलची सगळी यादी उघडली, पार तळापर्यंत, जिथं कुणी जात नाही तिथपर्यंत, आणि एकेकाला विचारत सुटला. जाड ढाल राहिली, पाय रोवणं राहिलं, कारण ती मागच्या तिघांसाठी. गर्जना कोणासाठी? एक आरोळी ठोकली की मैदानातले सगळे शत्रू म्हस्कूकडं वळतात, आकाश लाल होतं, सगळे वाहवा करतात. ती त्याच्या मिशीसाठी. तिच्याऐवजी त्यानं खोडी घेतली. शत्रूला बारीक टोचा मारायचा आणि चार-चार सेकंदांनी पुन्हा मारायचा, हात दुखेपर्यंत, कुणाला दिसतही नाही. मग यादीच्या तळाशी एक जुनं, कुणी न वापरणारं स्किल सापडलं. घाव पडला की तो एकदम लागत नाही. चौथा हिस्सा तेव्हाच लागतो आणि उरलेला दहा सेकंदांत मुरत जातो, जमिनीत पाणी मुरतं तसा. सगळे त्याला हसायचे, कारण घाव कमी काही होत नाही, जेवढ्याचा तेवढाच, फक्त सावकाश. आदिनाथ हसला नाही. आदल्याच दिवशी त्यानं मक्याच्या गुंडाळ्या उघडल्या होत्या. चौथ्या दिवशी पहिली मोजणी असते, पण ज्या बीनं तोवर डोकं वर काढलेलं नसतं ते मेलं असं लिहायचं नसतं, गुंडाळी परत बांधून सातव्या दिवसापर्यंत थांबायचं असतं. हे तो पगार घेऊन रोज करत होता आणि तीन रविवारांत त्याला सुचलं नव्हतं. त्यानं ते स्किल लावलं, शंभर घाव खाल्ले, अर्धा क्षण उशीर केला, मग मुद्दाम पूर्ण क्षण उशीर केला. शून्य, शून्य, एक, शून्य.

पाचवी जागा ताईंवर कुणी धावून गेलं तर आडवं येण्यासाठी गेली. सहावी राहिली, आणि सहाव्या जागेपाशी त्याचा हात थबकला. तिथं स्वतःचं रक्त भरायचं स्किलही बसत होतं. अंगद खूश झाला असता, आणि ताई राहिल्या काय, गेल्या काय, म्हस्कू तगला असता. दुसरं एक स्किल असं होतं की हीलरचा मंत्र म्हस्कूला दीडपट लागेल. हीलर असेल तर. नसेल तर ती जागा रिकामीच समजायची, आणि तीन महिने टोळी लंगडी. म्हणजे हे निवडलं तर ताईंना कुणीच काढू शकणार नव्हतं. आणि ताई उद्या आपणहून गेल्या तर चौघांचंही वाटोळं, आणि ते एकट्या आदिनाथनं केलेलं. कुणाला न विचारता असं करायचा आपल्याला काय हक्क, असं त्याला वाटलं. त्याला वाटलं, हा आपला एक हट्ट आहे, उपकार फेडायचा बालिश हट्ट. मग वाटलं, असेना. सव्वा वर्ष रोज दोन वाजता एक बाई मशीन थांबवून आपल्या पाण्याच्या घोटाचा आवाज ऐकत होती. तिलाही कुणी हक्क दिलेला नव्हता. त्यानं दीडपटीचं स्किल सहाव्या जागी ठेवलं आणि कुलूप लावलं.

रविवारी पावणेतीनला अंगद आधी आला. म्होरक्याला सगळ्यांच्या जोडण्या दिसतात. तो जे बोलला त्यातलं निम्मं इथं लिहिण्यासारखं नाही. "अन् कुलूपबी लावलं! कामून? एक शब्द इचारला न्हाई! गर्जना काढली भाऊ तू, गर्जना! तुझी अख्खी वळख व्हती ती."

"अंगद, एक डाव खेळून बघ. न्हाई जमलं तर तुझ्या मेव्हण्याला टँक कर, म्या जातो. ताईसंग म्याबी जातो."

"ताई आल्या," मिथुन हळूच म्हणाला. त्यांच्या मागं मशीनची घरघर होती, ती थांबली. "आले बाबा," ताई म्हणाल्या. "मलम चोळून आले."

पहिल्या खेपेला हरले. खोडीची सवय नव्हती, आदिनाथकडून एक टोचा सुटला आणि रेडा मिथुनवर गेला. ताई लगेच म्हणाल्या, "माझं चुकलं का?" आणि आदिनाथ ओरडलाच, "न्हाई ताई, माझं!" दुसऱ्या खेपेला त्यानं मनात चार-चार मोजायला सुरुवात केली, कोंब मोजतो तसं, एकही न चुकवता. रेड्यानं शिंग घातलं. म्हस्कूची लाल पट्टी पूर्वीसारखी धाडकन खाली आली नाही. थोडी उतरली आणि मग सावकाश, पाझरल्यासारखी उतरत राहिली. अर्धा क्षण गेला. मंत्र उशिरा आला. दर वेळी उशिराच आला. आदिनाथला तो अंगठा दिसत होता, वाकलेला, दुसऱ्या हातानं सोडवला जाणारा, पुन्हा टेकवला जाणारा. पण येत होता, आणि येईपर्यंत म्हस्कू उभा होता. हिरवा उजेड, पाझर, हिरवा उजेड. किती वेळ चाललं कुणास ठाऊक. आदिनाथच्या मनगटात कळ भरली होती आणि आपल्याला कुणीतरी सांभाळतंय हे त्याला घावागणिक, अंगावर हात फिरल्यासारखं कळत होतं. एवढं सुख त्याला गर्जना करताना कधी झालं नव्हतं. मग अंगदच्या दोन्ही कुऱ्हाडी एकदम पडल्या आणि रेडा गुडघ्यावर आला, डोलला, आणि पडला.

मिथुन नुसता किंचाळत होता. त्या गोंधळात ताईंचा आवाज आला, भीत भीत: "अंगदभाऊ, तुम्हाला सगळं लिहून येतं ना तिथं? खरं सांगा. उशीर झाला का माझ्याकून?"

लढाई संपली की म्होरक्याच्या पडद्यावर सगळी नोंद उमटते, कोणाचा मंत्र कधी सुटला, किती उशिरा सुटला. ती आता अंगदच्या समोर होती, आणि तिथं काय लिहिलेलं असणार हे आदिनाथला ठाऊक होतं, कारण ते सगळे उशीर त्यानं स्वतःच्या अंगावर मोजले होते. अंगद वाचत असावा. फार वेळ वाचत असावा.

"न्हाई ताई," अंगद म्हणाला. "एकबी उशिरा न्हाई. सगळे बराबर टायमावर."

आदिनाथला त्या क्षणी अंबडला जाऊन त्या माणसाचे पाय धरावेसे वाटले.

"खरंच?" ताई म्हणाल्या. "मंग पुढच्या रविवारी तीनचं पक्कं धरू का? दुकानात येणाऱ्या बायांना तसं सांगावं लागतं."

"धरा ताई," आदिनाथ म्हणाला. आणि तीन वर्षं जिभेवर अडलेलं त्यानं एका दमात बोलून टाकलं, अंगद-मिथुन ऐकत असताना: "अन् ताई, त्या साली म्या गोळ्या सोडल्याच व्हत्या. तुम्ही नसत्या तर म्या आज नसतो."

मग ताई म्हणाल्या, "माहीत हाये भाऊ," आणि नाक ओढल्याचा आवाज आला, आणि मशीन चालू झालं.